मोठ्या भाऊजींचा समुद्र

आमच्या मोठ्या भाऊजींना समुद्रापासून लांबच्या टोकावड्यात समुद्र हवा होता. रस्त्यालगतची जमीन विकल्यावर बंगला झाला, दारात गाडी आली, पुढच्या खोलीत सोफा आला, तरी गावात म्हणावी तशी चर्चा होईना. तोवर आणखी चार घरांनी तेच सगळं करून ठेवलं होतं. मग कोणाच्या तरी मोबाइलवर त्यांनी खाऱ्या पाण्याची टाकी पाहिली. निळ्या उजेडात हलणारी प्रवाळं, नारिंगी पट्ट्यांचे मासे. त्या दिवसापासून माणूस कामातून गेला.

आमच्याकडे मासा म्हणजे एक तर नदीतला, नाहीतर कल्याणहून बर्फात आलेला, आणि दोन्ही शेवटी कालवणात जातात. भाऊजी मात्र भेटेल त्याला ‘रीफ टँक’ म्हणायला शिकवू लागले. काचेची टाकी गोधड्यांत गुंडाळून जीपने आली. मागोमाग पंप, दिवे, पोतंभर खास मीठ आणि खारेपणा मोजायची नळी. “आपलं बाजारातलं मीठ नाय चालत का?” त्यांच्या धाकट्या भावाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, विचारलं. भाऊजी नुसते हसले. हे हसू पूर्वी त्यांच्याकडे नव्हतं, ते टाकीबरोबरच आलं.

आधी नुसते दगड घालून पाणी बरेच आठवडे फिरवत ठेवायचं असतं, मगच जीव सोडायचे. तेवढ्यात अर्धं गाव येऊन दगड बघून गेलं. भाऊजी एकेका दगडाची ओळख करून देत, आणि लोक माना डोलावत. चहा मात्र मला करावा लागे.

पाणी तापलं की प्रवाळ मरतं, आणि आमच्याकडचा उन्हाळा तर माणसालाही सोसत नाही. म्हणून टाकीसाठी एसी आला. उन्हाची तिरीप येत नाही अशी घरात एकच खोली होती, आणि ती सासूची होती. तिला दमा आहे. उकाडा वाढला की तिचा श्वास कोंडतो, म्हणून ती खोली तिला दिली होती. “दार सारखं उघडझाप झालं की गारवा जातो,” असं सांगून भाऊजींनी तिची खाट पडवीत काढली आणि टाकी आत नेली. तिने आपली उशी उचलली. माझ्या नवऱ्याने खाटेचं दुसरं टोक धरलं. थोरल्या भावापुढे त्याची जीभ टाळूला चिकटते, हे मला लग्नानंतर लगेचच कळलं होतं.

टाकीत प्रवाळं, मासे आणि कोळंबी सोडून झाल्यावर मे महिन्यात भाऊजी बायकोमुलांना घेऊन दक्षिणेत देवदर्शनाला गेले. समुद्राला गडी ठेवणं भाग होतं. मी घरात फार काम आहे म्हणून सांगितलं. सासू म्हणाली, “मी बघन रे. मला शिकव.” मग टाकीवर नजर राहावी म्हणून तिला तिच्याच खोलीत झोपायची परवानगी मिळाली. एसीच्या गारव्यात तिचा श्वास मोकळा झाला. दुपारी मी डोकावले तर तोंड उघडं टाकून गाढ झोपलेली असायची. इतकी निवांत मी तिला कधी पाहिली नव्हती. मनात आलं, भाऊजींना आणखी दहा-बारा देव सापडोत.

कामं दोनच होती. चिमूटभर खाणं टाकायचं, आणि आटलेलं पाणी भरायचं. पाणी आटलं तरी मीठ मागे राहतं, म्हणून वरून गोडं, फिल्टरचं पाणी घालायचं. त्याचे कॅन भरून ठेवले होते. “बोअरचं नको घालू, शुद्ध पाणी घाल,” एवढंच भाऊजी सांगून गेले.

शुद्ध पाणी प्लॅस्टिकात राहतं, हे सासूला पटणारं नव्हतं. आमच्या घरात शुद्ध पाणी म्हणजे तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेलं. देवाला तेच, आजाऱ्याला तेच, पाहुण्याला तेच. तिने हंडा चिंचेने लख्ख घासला. रोज संध्याकाळी कॅनमधलं पाणी त्यात ओतून ठेवी, आणि सकाळी अंघोळ करून तांब्यातांब्याने टाकीत घाली. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

आधी कोळंबी उताणी पडली. मग प्रवाळं आक्रसली आणि पांढरी पडत गेली. मासे तेवढे फिरत राहिले. सासू घाबरली. जिवांना पाणी कमी पडतंय असं वाटून तिने आणखी दोन तांबे घातले.

भाऊजींनी आल्या आल्या दुकानदाराला फोन लावला. त्याने पाणी कसल्या भांड्यातून घातलं ते विचारलं. “तांबं म्हणजे कोळंबी आणि प्रवाळाला विष हो,” तो म्हणाला. “मासे निभावतात.”

“शुद्ध पाणी सांगितलं होतं ना, आये? अडाणी ती अडाणीच.”

हे कोण बोललं, तर प्रवाळ हे झाड नसून प्राणी आहे हे ज्याला गेल्या दिवाळीपर्यंत माहीत नव्हतं तो माणूस. बोलून घसा कोरडा पडला म्हणून त्याने त्याच हंड्यातलं तांब्याभर पाणी पिऊन घेतलं. रोज सकाळी पितोच, पोटाला चांगलं म्हणून. सासू खाली बघत उभी राहिली. नवरा दाराची कडी न्याहाळत होता. मला दोघा भावांची किळस आली.

खाट पुन्हा पडवीत गेली आणि खोलीला कुलूप लागलं. आत दोन मासे उरले आहेत. त्यांच्यासाठी एसी चालूच असतो, कारण भाऊजी नवी प्रवाळं आणणार आहेत.

परवा दुपारी लाइट गेली. इन्व्हर्टर त्या खोलीलाच जोडलेला आहे, एसी नाही तरी टाकीचे पंप आणि पंखा त्यावर चालतात. पडवीतला पंखा थांबला. सासू खाटेवर उठून बसली, तिच्या छातीतली शिट्टी मला चुलीपाशी ऐकू आली. मी जाऊन सुपाने वारा घालू लागले. बऱ्याच वेळाने तिला बोलता आलं.

“गो, आतलं चालू हाय ना?”

“हाय.”

“मंग बरं. त्यांना सवय नाय गो उकाड्याची.”

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर मला फार बरं वाटलं असतं.