दाराबाहेरच्या मॅडम

सबंध ग्वाल्हेरात आमच्या मॅडमइतकी नेमक्या वेळी गायब होणारी बाई दुसरी सापडायची नाही. त्या मेडिकल कॉलेजात भूलशास्त्र विभागाच्या प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखाली नव्यानं लागलेली सहायक प्राध्यापक. विभागाची मीटिंग असली की मॅडम आपली खुर्ची रिकामी ठेवून खिडकीपाशी पेरू कापत बसायच्या आणि आमच्यातल्या सगळ्यात नवख्याला म्हणायच्या, "चल, सुरू कर." डीनचा फोन आला की तो जवळ उभं असेल त्याच्या हातात जायचा. "सर, इसकी इन्चार्ज ये हैं," असं एकदा त्यांनी माझ्याकडे बघत सांगितलं, तेव्हा आयसीयूच्या ड्यूट्या मी लावते ही बातमी डीनना आणि मला एकदमच कळली. मॅडम काम टाळतात, असं सगळे म्हणत. वर्षभर मीही म्हणत होते.

मग तो मुलगा आला. पाच वर्षांचा, भिंडकडच्या खेड्यातला, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी. टेबलावर घेण्याआधी मी त्याची छाती तपासली तर श्वासाबरोबर शिट्टी वाजत होती. अशात भूल दिली तर श्वासनळी आवळू शकते, म्हणून मी भूल द्यायला नाही म्हटलं. सर्जन माझ्या वडिलांच्या वयाचे, मला शिकवलेले. "हल्की सी सर्दी है. गाँव से आए हैं बेचारे, आज ही कर देते हैं," ते म्हणाले. मी हलत नाही असं बघून त्यांचा आवाज चढला, "अपनी मैडम को बुलाओ!" मॅडम दारातच होत्या. मला हायसं वाटलं. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "निर्णय इनका है, सर," आणि चक्क निघून गेल्या.

इतका राग मला आजवर कुणाचा आला नसेल. मी सर्जनकडे वळून म्हटलं, "नहीं सर. आज नहीं." बाहेर जाऊन मुलाच्या वडिलांना मीच समजावलं. ते हात जोडून एवढंच म्हणाले, "बच्चे को खतरा तो नहीं है ना, बिटिया?"

तिथून मी मॅडमना शोधायला तरातरा निघाले, तर त्या थिएटरच्या दाराआडच उभ्या. तोंडावर मास्क तसाच.

"तुम्ही मला एकटं सोडलंत," मी म्हणाले.

"सोडलं कुठे? इथेच तर होते. तू हो म्हणाली असतीस तर आत येऊन थांबवलं असतं. पण मी आधीच बोलले असते, तर पुढच्या वेळीही तू दाराकडेच बघितलं असतंस." मग बाहीनं कपाळ पुसत हळूच, "परेशान तर मीपण झाले गं."

पुढे छाती साफ झाल्यावर त्या मुलाला भूल मीच दिली. तो बरा होऊन घरी गेला. सर्जन बरेच दिवस बोलले नाहीत, मग एका सकाळी स्वतःच विचारू लागले, "देख लो, आज किसको रोकना है?"

मॅडम निवृत्त होऊन मुलीकडे इंदूरला गेल्या. अधूनमधून मी फोन करते. त्या नातवाच्या खोड्या सांगतात, महाराज बाड्याच्या बाजारात अजून तेवढीच गर्दी असते का विचारतात. विभागाचं नाव चुकूनही काढत नाहीत. माझ्याजवळ विचारायचं बरंच साठलेलं असतं. कधी एखादी केस, कधी नव्या पोरांपैकी कुणाशी कसं बोलावं ते. ओठांशी आलेलं मी मागे घेते. "बोल ना," त्या म्हणतात. "काही नाही मॅडम, सहजच केला होता," मी म्हणते. मग फोन ठेवते आणि विचारायचं होतं ते माझं मीच ठरवते.