जवायाची ट्यूब

आमच्या जवायाला डोकं कमी आणि दंड जास्त. मोठ्या बहिणीचा हा नवरा फुलचूरला जिम चालवायचा. जिम म्हणजे काय, तर पत्र्याचं शेड, आरसे आणि घामाचा वास. मोबाइलवर त्याने कुठेतरी पाहिलं की मांडीला पट्टी बांधून रक्त थोडं अडवायचं आणि हलकी उठबस करायची, म्हणजे नसा तरुण राहतात. असेलही त्यात तथ्य. पण त्याला दाब मोजणारा पट्टा लागतो, शेजारी जाणता माणूस लागतो. या शहाण्याने सायकलची ट्यूब कापून आमच्या घरी, दवनीवाड्याला आणली.

माझे काका हृदयाची नस बंद होऊन गेले, तेव्हापासून बाबांना त्याच मरणाची धास्ती. जवाई म्हणाला, "बाबूजी, खून रोको, नस खुलेगी." झालं! बाबांना देव भेटला.

मी म्हटलं, "बाबा, डॉक्टरले न विचारता हे कायले?"

"जवाई सांगून राहिले ना! तू काऊन मधात बोलतेस?"

आमच्याकडे जवायाचा शब्द खाली पडू देत नाहीत. त्याने शेण दिलं तरी प्रसाद म्हणून खातील.

जेवून, ढेकर देऊन तो निघून गेला. ट्यूब किती आवळायची ते सांगितलंच नाही. त्यालाच कुठे ठाऊक होतं, डोंबलाचं! धानाच्या बांध्यांत हयात गेलेल्या बाबांना पाय बांधायची एकच रीत माहीत, साप चावल्यावरची. तशीच करकचून बांधली, उठबस केली आणि न सोडता खाटेवर पडले. मी शाळेतून शिकवून आले तर पाय निळा, थंडगार. विळ्याने ट्यूब कापली आणि त्यांना गोंदियाच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी मांडीवरचा वळ पाहून विचारलं, "कोणता साप होता?"

जवाई धावत आला होता, दारात उभा होता. अंगात तंग टी-शर्ट. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "दिसला नाही जी."

सिस्टर सापाच्या औषधाची तयारी करू लागली. अरे, न चावलेल्या सापाचं औषध! या दगडाची अब्रू वाचावी म्हणून माझा बाप तेही टोचून घ्यायला तयार!

"डॉक्टरसाहेब," मी म्हटलं, "साप तो पहा. दारात उभा आहे."

पाय वाचला. बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. दवाखान्यातून सुटी होऊन घरी आले त्या दिवशी मात्र लंगडत लंगडत फाटकापर्यंत गेले, जवायाला पोचवायला.