आत्याबाईंनी मला ओंकारेश्वरला नेलं, तो दिवस

आज पहाटे माझी पहिली सासू गेली.

"पहिली" लिहिताना बोट अडलं. पण दुसरा शब्द नाही.

मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. जळगाव जामोदला आम्ही दोघीच राहायचो. सासरे आधीच गेलेले. त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा नवरा विनोद, लग्नानंतर थोड्याच दिवसांत बाइकच्या अॅक्सिडेंटमध्ये गेला.

मग दोघी जेवायचो, भांडी घासायचो, झोपायचो. बोलायचं काय?

वर्षश्राद्ध झालं. मी शिकवायचे त्या शाळेला दिवाळीची सुट्टी लागली. आत्याबाई म्हणाल्या,
"चाल, ओंकारेश्वरले जाऊ."
"दर्शनाला?"
"फिराले. शाळा अन् घर, दुसरं काई करूनच नाही राह्यली तू."

सकाळी ऑटोने स्टँडवर. तिथून बसने सातपुडा ओलांडून बऱ्हाणपूर. घाटात त्यांना मळमळलं, तशा माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसल्या. त्या इतक्या जवळ कधी बसल्याच नव्हत्या.

बऱ्हाणपूरला खंडव्याची रेल्वे मिळाली. त्यांना खिडकीत बसवलं आणि मी पाण्याची बाटली भरायला खाली उतरले.

गाडी सुटली.

मी धावले. डबा पुढे निघून गेला. खिडकीत त्यांचा चेहरा दिसला.

तिकिटं, पैसे, फोन, सगळं माझ्या खांद्यावरच्या पर्समध्ये. त्या आयुष्यात एकट्या कधी रेल्वेत बसलेल्या नाहीत.

पुढच्या गाडीला वेळ होता. रिक्षा केली, जीप गाठली. बाजूच्या बाईने विचारलं, "क्या हुआ?"
"मेरी सास खो गई," म्हटलं आणि खंडव्यापर्यंत रडत गेले.

खंडव्याला त्या प्लॅटफॉर्मवरच होत्या. बाकावर, दोन्ही बॅगा मांडीवर घेऊन. शेजारी रेल्वेचा पोलीस उभा.

"मले माईत होतं तू येशीन," म्हणाल्या.

पोलीस मला म्हणाला, "माताजी कब से बोल रही हैं, मेरी बेटी आ रही है."

तिथून पुन्हा बस. ओंकारेश्वरला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. नावेत बसलो. नाव नर्मदेच्या मधोमध आली आणि त्या बोलायला लागल्या.

"वंदना, बाकावर बसल्या बसल्या इचार आला, तू आलीच नाही तं? मंग वाटलं, नाही आली तं बरंच हाय. सुटली म्हनावं पोरगी."

"असं काय बोलता आत्याबाई?"

"आयक. मी तुले फिराले नाही आनलं. हे बोलाले आनलं. घरी विनोदचा फोटो हाय. त्याच्यासमोर माह्यं तोंड उघडत नव्हतं. तू दुसरं लगन कर."

मी नाही म्हटलं. तुमचं कोण बघणार, म्हटलं.

"माह्यं मी पाहीन. माह्या सोबतीसाठी तुले जलमभर बसवून ठेवू काय?"

नाववाल्याला मराठी कळत होतं की नाही, माहीत नाही. त्याने वल्हं थांबवलं होतं.

परत आल्यावर त्यांनी स्वतः जानेफळला माझ्या वडिलांना फोन केला. सासरच्या भाऊबंदांनी आत्याबाईंशी बोलणं सोडलं. हातानं सून घालवली, म्हणाले.

माझं लग्न मेहकरला झालं. आत्याबाई एकट्या बस बदलत आल्या, मांडवात माझ्या आईशेजारी बसल्या. जाताना राजेशला, माझ्या नवऱ्याला, एवढंच म्हणाल्या, "पोरगी कमी बोलते. इचारत जा तिले."

तो अजून विचारतो.

मेहकरला राहायला या म्हटलं, की म्हणायच्या, "येईन." आल्या नाहीत. दर दिवाळीला आम्हीच जायचो.

आज त्यांना अग्नी राजेशने दिला. भाऊबंद बाजूला उभे होते. कोणी अडवलं नाही. एकाने तर हात धरून त्याला पुढे केलं.

आत्याबाई, फोनवर "बरी हायेस ना?" विचारायच्या तेव्हा मी नुसतं "हो" म्हणायचे. नीट कधी सांगितलंच नाही.

मी सुखात आहे. फार सुखात आहे.

निवांत जा.

तुमच्या वंदनाचा भरल्या डोळ्यांनी नमस्कार.