तिसऱ्या खणातलं दार

माझा ड्रॉइंग बोर्ड चार वर्षं स्वयंपाकघरात होता, पिठाच्या डब्यावर आडवा. भाकऱ्या थापून झाल्या की चूल आवरायची, हात धुवायचे आणि दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढायचे. एकदा फोडणीचा थेंब उडाला, तर तालुक्याच्या कचेरीतल्या साहेबानं कागद उजेडात धरून विचारलं, "बाई, हा जिना आहे का हळद?" असा राग आला म्हणून सांगू! साहेबाचा नाही, त्या डब्याचा.

मी बीडच्या आयटीआयमधून ड्राफ्ट्समन झालेली. लग्न होऊन पाटोद्याला आले तेव्हा या शिक्षणाचं कुणालाच काही नव्हतं. मग भूकंप झाला. आमच्या गावाला तडा गेला नाही, पण माणसं आपल्याच छताखाली निजायला घाबरू लागली. सिमेंट दुकानात सहज मिळू लागलं होतं, बँका घराला कर्ज देत होत्या आणि आधी नकाशा मागत होत्या. त्यामुळं लोक मला शोधत यायला लागले.

यायचे, पण माझ्यापर्यंत पोचायचे नाहीत. घराला दार एकच, आणि त्याशेजारी ओट्यावर मामा, म्हणजे माझे सासरे, भिंतीला टेकून बसलेले. कापडाचं दुकान मुलावर सोपवल्यापासून सकाळ-संध्याकाळ त्यांची बैठक तिथंच. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, मांडीवर पानाचा डबा. कुणी विचारलं की म्हणायचे, "सूनबाई सैपाकात हाय. मग या." आष्टीकडचा एक मास्तर असा तीनदा परत गेला आणि चौथ्यांदा दुसऱ्याकडं गेला. मला ते आठ दिवसांनी बाजारात कळलं. त्या दिवशी मी ठरवलं, मला खोली पाहिजे, आणि तिला रस्त्यावरून वेगळं दार पाहिजे. नाहीतर हे काम माझ्या हातून जाणार.

खोली होती. ओट्यामागच्या भिंतीला लागून आमचं बळद होतं, धान्य साठवायची बिनखिडकीची अंधारी खोली. वरच्या झरोक्यातून ज्वारी ओतायची, खालच्या भोकातून काढायची. आता ज्वारी पत्र्याच्या कोठीत असायची आणि बळदात उंदीर.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बघू."

"बघू न्हाई, इचारा," मी म्हटलं.

आमच्या घरात सून सासऱ्याशी थेट बोलत नसे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, म्हणून सगळे निरोप नवऱ्यामार्फत. मामा एका हाताच्या अंतरावर बसलेले असले तरी मी नवऱ्यालाच "मामांना सांगा, चहा ठेवलाय" असं सांगत असे. नवऱ्यानं विचारलं. उत्तर आलं, "कावून पाहिजे अलग दरवाजा? आपल्या घरात दोन घरं करायची हाईत का?" मी कळवलं की घर एकच राहील, दारं दोन होतील. पुन्हा निरोप आला, "करा काय करायचं ते."

ही परवानगी नव्हती. मी ती परवानगी समजले.

चार दिवस टेप घेऊन बळद मोजलं. उंदरांच्या लेंड्यांत गुडघे टेकून आतली मापं घेतली, ओट्यावर पदर सांभाळत बाहेरची. मी मोजत असताना मामा सुपारी कातरत बघत होते. रस्त्याकडच्या भिंतीच्या बरोबर मधोमध दार काढलं. नकाशा इतका देखणा झाला की मीच दोनदा बघितला.

गवंडी आला. पहिल्या तासात भिंतीचं वरचं लिंपण सुटलं, दुसऱ्या तासात पहार कशावर तरी आपटली आणि आवाज मातीचा आला नाही.

"वहिनी, हितं खांब हाय," गवंडी म्हणाला. "ह्यो काढला तर माळवद खाली."

माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात छत भिंतींवर नसतंच, ते लाकडी खांबांवर असतं. भिंतींची नुसती आडोशाला सोबत. म्हणून आमच्याकडं घर फुटांत नाही, खणांत सांगतात. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. लिंपणाखाली खांब दिसत नाहीत, ते घरातल्या जुन्या माणसाला माहीत असतात. आणि मी, शिकलेली बया, फुटाच्या हिशोबानं दार थेट खांबावर काढून बसले होते.

मामा गवंड्याकडं बघून म्हणाले, "मला ठावंच होतं."

माझं डोकंच फिरलं. चार दिवस हे बघत होते! एक शब्द नाही! तोंडापर्यंत आलं होतं ते बोलले असते, तर मी त्या घरात राहिले नसते. तेवढ्यात ते पुढं म्हणाले, पुन्हा गवंड्यालाच, "इचारलं असतं तर सांगितलं असतं. कुणी इचारलंच न्हाई."

नवरा दुकानात होता. निरोप न्यायला कुणी नव्हतं. मी पदर घेतला, ओट्यावर त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "मामा, मोकळा खण कोणता?"

गवंड्यानं पहार खाली ठेवली. मामांनी अडकित्ता डब्यात टाकला, झाकण लावलं. त्यांनी खोटं सांगितलं असतं तरी मला कळलं नसतं.

"तिसरा," ते म्हणाले. "माझ्या पाठीमागं."

मग ते उठले. भिंतीवर, जिथं त्यांचं डोकं टेकायचं तिथं, तेलाचा काळा डाग होता, भाकरीएवढा. त्यांनी आपलं घोंगडं उचललं, डबा घेतला आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. तिथं दुपारी ऊन येतं. मला रडू यायला लागलं आणि त्याचाही राग आला. गवंड्याला म्हटलं, "बघतोस काय? फोड." पहिला घाव त्या डागावर बसला.

दोन आठवड्यांत खोली झाली. दार, एक खिडकी, शहाबादी फरशी, ट्यूबलाइट आणि पिठाच्या डब्यावरून उतरलेला माझा बोर्ड. मामा आत आले नाहीत. आमचं बोलणंही पुन्हा नवऱ्यामार्फतच सुरू झालं.

एका सकाळी मी जिन्याच्या पायऱ्या आखत होते. बाहेर ओळखीचा आवाज आला. आष्टीकडचा तोच मास्तर, यावेळी भावाच्या घराचं काम घेऊन आलेला.

"सूनबाई सैपाकात हाईत का?" त्यानं बिचकतच विचारलं.

माझी पेन्सिल थांबली.

"न्हाई," मामा म्हणाले. "हापिसात हाय. त्या दारानं जा, अन् काय इचारायचं ते तिलाच इचारा."