समुद्र मोजणाऱ्याला पांढुर्ण्यात नकार

सत्याऐंशी साली मी मुलगी पाहायला पांढुर्ण्याला गेलो. तेव्हा कोकणातल्या एका बंदरावर रोज समुद्राची पातळी आणि पाण्याचं तापमान नोंदवणं हे माझं काम होतं. नोकरी हंगामी.

नागपूरहून सौंसरची बस घ्या आणि खिडकी सोडू नका. रस्त्याला संत्र्याच्या बागा आहेत. त्या वर्षी पावसानं दगा दिल्यानं झाडं मरगळली होती. सौंसरला मामा भेटले. स्टँडवर तर्रीपोहे खाल्ले (तुम्हीही खा, तर्री बेतानं) आणि पांढुर्ण्याची गाडी धरली.

"समुद्राचं जास्त बोलू नको," मामा म्हणाले. "सरकारी नोकरी हाय, एवढंच सांग."

मुलीचे वडील पोस्टातून निवृत्त झालेले. जय भीम झालं, पाणी आलं, चहा आला, आणि लगेच प्रश्न: "काय करून राहिले आजकाल?"

"समुद्र मोजून राहिलो."

"वाढून राहिला काय?"

"काही वर्षं चढतो, काही वर्षं उतरतो. तापतो, निवतो. त्याचा स्वभावच तसा. खरं कळायला पन्नासेक वर्षांच्या नोंदी लागतात."

"अन् नोकरी पक्की व्हायले?"

मामा कपात बघू लागले. मला मात्र चेव आला. म्हटलं, तिकडे पॅसिफिक तापला की आपला पाऊसही बरेचदा बिघडतो.

"असन. पगार त नाई ना बिघडत?"

तेवढ्यात सुनंदा, म्हणजे मुलगी, बोलली. ती शाळेत विज्ञान शिकवायची. "तुमची मोजपट्टी ज्या धक्क्यावर हाय, तो धक्काच खचून राहिला असन त? मंग समुद्र उगाच वाढलेला दिसन."

"ते साहेब बघतात," मी म्हणालो. चार वर्षांत ही शंका मला शिवलीसुद्धा नव्हती.

परतल्यावर साहेबांना विचारलं. त्यांनी किनाऱ्यावरच्या खडकातल्या खुणेशी धक्क्याची उंची ताडून पाहिली. धक्का जागेवर होता. त्याच आठवड्यात मामांचं पत्र आलं: नकार. कारण, ज्याचा समुद्रच स्थिर नाही, त्याच्या नोकरीचा काय भरवसा!

मुलीला थेट पत्र लिहिणं तेव्हा आगाऊपणाच. तरी शाळेच्या पत्त्यावर लिहिलं: नकार समजला, पण तुमची शंका रास्त होती, धक्का खचलेला नाही.

पंधरा दिवसांनी कार्ड आलं. "धक्क्याचं वाचून बरं वाटलं. नकार कळवल्याचं मला तुमच्या पत्रातूनच समजलं. मला कोणी विचारलं नव्हतं. शाळेला मे महिन्यात सुट्टी असते."

पांढुर्ण्याला उन्हाळ्यात जाऊ नका, ऊन सोसवत नाही, असं मी आजही सगळ्यांना सांगतो. मी मात्र मे महिन्यातच गेलो. मामांना न घेता.