शेवंतामावशीचा पावा

शेवंतामावशी पावा वाजवताना मधेच थांबायची आणि शिवी हासडायची. बोट सरकलं की बोटाला शिवी, गिरणीचा भोंगा सुरात आडवा आला की भोंग्याला. "मेल्याक मातसो सूर नाय!" म्हणायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

पावा पत्र्याचा, सहा भोकांचा, माहीमच्या जत्रेतून आणलेला. आमच्या लालबागच्या चाळीत ती एकटीच राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दिवसभर गिरणीत सुताच्या गाठी मारून आली की चहा घ्यायची आणि भाताचं आधण ठेवण्यापूर्वी गॅलरीत भिंतीला टेकून बसायची. शिकवणारं कोणी नव्हतं. चाळीतल्या भजनाच्या चाली कानात धरायच्या आणि एकेक सूर हुडकायचा. वरचा सूर लावायला गेली की पावा किंचाळायचा. मी तेव्हा शाळेत नुकतीच शिक्षिका झाले होते. मलाही तिनं वाजवायला बसवलं. माझी नुसतीच फुसफुस. "फुकूचा नाय गो, श्वास सोडूचो," ती वैतागायची. एखादी ओळ शेवटपर्यंत नीट निघाली, की तोंडावर पदर घेऊन एकटीच हसायची. कुणाचं काय जात होतं त्या हसण्यानं?

पण जात होतं. बाईमाणसानं शीळ घातली की घराला अवदसा लागते, असं आमची अख्खी चाळ मानायची, आणि मावशीच्या पाव्याला सगळे शिट्टीच म्हणायचे.

संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटला तेव्हा चाळीतले पुरुष मोर्च्याला जात. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, चाळ कमिटीचे चिटणीस होते. ते सगळ्यांत पुढे. एका मोर्च्यावर गोळीबार झाला आणि आमच्या शेजारचा तरणाताठा भिकाजी गेला. त्याचं तेरावं झालं आणि कमिटी बसली. गोळी घालणाऱ्यांपर्यंत यांचे हात पोचत नव्हते, मावशीपर्यंत पोचत होते.

"शेवंता, तुझ्या शिट्टीनंच हे आणलं चाळीवर. आण ती इकडे," दादा म्हणाले.

"गोळी पोलिसांनी घातल्यानी, आणि तुमी माज्या पाव्याक धरतास?" मावशी कडाडली.

दादांनी पावा तिच्या हातातून हिसकावला आणि सगळ्यांसमोर वरवंट्यानं ठेचला. मी ओरडले, तर आईनं दंडाला धरून मला आत ओढलं.

हीच माणसं मैदानात अन्यायाच्या नावानं गळा फाडायची! मला आजही संताप येतो, आणि तो शमावा अशी माझी इच्छाही नाही. मी मावशीला नवा पावा आणून देते म्हटलं. "नको. परत ठेचतले," एवढंच ती म्हणाली. त्यानंतर संध्याकाळी गिरणीतून आली की ती थेट आधण ठेवायची.

पुढे राज्य झालं. चाळीत कंदील लागले, पेढे वाटले गेले. दादा बाजारातून कोरा पावा घेऊन मावशीच्या दारात गेले.

"शेवंताबाई, झालं गेलं विसरा. आज मिरवणुकीत पुढं राहून वाजवा. आज कोणी काही म्हणणार नाही."

मावशी बांगडे साफ करत होती. हातसुद्धा न धुता ती दाराशी आली.

"राज्य तुमका गावला मा? मगे वाजवा तुमीच," ती म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

खाली ताशे सुरू झाले तरी दादा पावा हातात धरून त्या बंद दारासमोर उभे होते.