दुसरी ओवी

नातीच्या हळदीला मांडवात कर्णे किंचाळतायत आणि मी आत वाटीतली ओली हळद हुंगत बसले आहे. त्या वासाने मला थेट कुरुंद्याला, निजामाच्या काळातल्या माझ्याच हळदीला नेलं.

आमच्याकडे जात्यावर हळकुंडं दळताना बायका ओव्या म्हणत. पहिली ओवी देवाची, दुसरी नवरीच्या आईची. आई हयात नसली तरी तिचं नाव घेऊन तिला लग्नाला बोलवायचं. माझी आई मी लहान असतानाच गेली होती. त्या दुसऱ्या ओवीसाठी मी जीव कानात आणून बसले होते.

आत्याची पहिली ओवी संपली, तोच नवरदेवाच्या मामांनी वऱ्हाडासोबत आणलेल्या फोनोला चावी दिली. तबकडी खरखरली आणि भोंग्यातून कुणी बाई गाऊ लागली. अख्खं गाव मांडवात लोटलं.

"बाई, तुमी जरा गप ऱ्हावा," मामा आत्याला म्हणाले. "शहरातली गाणारी गाऊन राहिली."

आत्याने जात्याचा खुंटा सोडला. "मग तिला इचारा, नवरीच्या आईचं नाव काय हाय ते."

सगळे हसले. माझे वडीलही हसले. उरलेली हळद मुक्यानेच दळली गेली.

पुढे कितीतरी वर्षं लोक कौतुकाने सांगत, हिच्या लग्नात फोनो वाजला. वाजला खरा. पण माझ्या आईला आवतण गेलं नाही. मामांवरचा राग केव्हाच विझला. भोंग्यातल्या बाईला तर आईचं नाव ठाऊकच नव्हतं. वडिलांना होतं.